मुंगूस, कोल्हा आणि उज्जयिनीची वाट

मराठीत गोष्टींची पहिली छापील पुस्तके कोठे निघाली, असे कोणी विचारले तर आपण सहजच पुण्या-मुंबईकडे बोट दाखवतो. वस्तुस्थिती निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरच्या शरफोजीराजांनी इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर आपल्या छापखान्यात छापविले. भाषांतरकार सख्खन पंडित. पुस्तकाचे नाव ‘बालबोध मुक्तावलि’. पुढे काही वर्षांनी बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे, विल्यम केरी या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वैजनाथ पंडितांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये आणि ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये मोडी अक्षरांत छापून निघाला. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ निघाले ते १८२२ मध्ये, आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ मध्ये. म्हणजे कावेरीकाठ आणि हुगळीकाठ आधी, मुंबई नंतर. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी सांभाळणाऱ्या आपणांसारख्यांनी हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या यादीतील दुसरी गोष्ट अशी, की ‘सिंहासनबत्तिशी’ वगळली तर बाकी सगळीकडे जनावरांचे राज्य आहे. कोल्हे, कावळे, उंदीर, बगळे, सिंह आणि गाढवे यांच्या पाठीवर बसून मराठी गद्य छापखान्यात शिरले. आणि जी वगळली ती ‘सिंहासनबत्तिशी’ तर आमच्या घरचीच. उज्जयिनीच्या विक्रमाचे सिंहासन धारच्या भोजाला सापडते आणि त्यावरच्या बत्तीस पुतळ्या त्याला एकेक गोष्ट सांगून अडवतात. माळव्याची गोष्ट बंगालमध्ये मराठीत छापली गेली, आणि आज माळव्यातल्या मराठी घरात ती मूल हिंदीत वाचते! वाचते असे म्हणणेही धाडसाचेच, पाहते म्हणू.

हे जनावरांचे राज्य बालवर्गासाठी उभारलेले नव्हते, हे मात्र आधी सांगितले पाहिजे. श्रीरामपूरची पुस्तके ज्यांच्यासाठी छापली, ते विद्यार्थी म्हणजे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकणारे कंपनी सरकारचे तरुण नोकर. विलायतेहून आलेला, मिसरूड फुटलेला हा साहेब पुढे जिल्हा सांभाळणार, म्हणून त्याला हितोपदेश. पंचतंत्राची मूळ कल्पना तरी दुसरी काय आहे? महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती हे तीन पुत्र. नावे भारदस्त, डोकी रिकामी. ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा सहा महिन्यांत त्यांना राजनीती शिकवण्याची प्रतिज्ञा करतो. राजा गावे इनाम देऊ करतो, तेव्हा हा म्हातारा आपण विद्या विकत नसल्याचे सुनावतो. (वेतन आयोगाच्या थकबाकीविषयी शिक्षकांच्या खोलीत चर्चा चालते, तेव्हा मला या म्हाताऱ्याची हटकून आठवण होते.) मग तो त्या तिघांपुढे शास्त्र मांडीत नाही. बैल मांडतो, सिंह मांडतो आणि त्यांच्यामध्ये दोन कोल्हे सोडून देतो.

राजपुत्रांना शिकवण्याची ही विद्या आमच्या देवासनेही पाहिली आहे. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार यांचे शिक्षक म्हणून १९०७ मध्ये माल्कम डार्लिंग हा इंग्रज अधिकारी आला. त्याच्याच मैत्रीच्या ओढीने पुढे ई. एम. फॉर्स्टर हा कादंबरीकार देवासला आला. कविवर्य भा. रा. तांबे यांनीही देवासच्या राजघराण्यात शिक्षकाचे काम केले होते. तांब्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या कविता घराघरांत पाठ होत्या, हे जुन्या वाचकांना सांगायला नको.

आता या लेखाचे ठिकाण. पीपलरावां हे देवास जिल्ह्याच्या सोनकच्छ तहसिलीतले लहान गाव. काळी जमीन, सोयाबीन, गहू, हरभरा आणि गावाच्या नावातच पिंपळ. मी हायस्कूलचा मुख्याध्यापक. इकडे त्याला प्राचार्य म्हणतात, शब्द मोठा, काम तेच. शाळेची भाषा हिंदी, बाजाराची माळवी, आणि मराठी उरली ती देवघरात व स्वयंपाकघरात. १७२८ च्या सुमारास पवार देवासला आले, त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, शिलेदार, वैद्य आले. सव्वादोनशे वर्षे दफ्तरात मोडी चालली. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि कचेरीतून मराठी उठली. याबद्दल कोणावर रुसण्याचे कारण नाही. राज्य ज्या भाषेचे, कचेरी त्या भाषेची. पण कचेरीतून उठलेली भाषा पाटावर तरी बसवायची की नाही, हा आपला घरचा प्रश्न आहे. तो सोडवायला शासन येणार नाही.

पीपलरावांत मराठी घरे बोटांवर मोजण्याइतकी. देवासला आणि इंदूरला गणेशोत्सव आहे, मंडळे आहेत, नाटके होतात. इथे तसे काही नाही. गेली काही वर्षे रविवारी संध्याकाळी या घरांतली मुले आमच्या ओसरीवर जमतात, दिवाळीच्या सुट्टीत रोज. आपापसात ती हिंदीत बोलतात, माझ्याशी मराठीत, भांडताना माळवीत. त्यांना मराठी वाङ्मयाची गोडी लावावी म्हणून आरंभी काय द्यावे, याचा विचार करताना मी फिरून फिरून त्या तंजावर-श्रीरामपूरच्या यादीपाशी आलो. ज्या दाराने छापील मराठी स्वतः आत आली, त्याच दाराने ही मुले का येऊ नयेत?

शिवाय ते दार आमच्याच रस्त्यावर आहे. नारायण पंडितांच्या हितोपदेशात हंस आणि कावळ्याची एक छोटी गोष्ट येते. उज्जयिनीच्या वाटेवर, वस्तीपासून दूर, एक मोठा वृक्ष. पिंपळाच्याच कुळातला. त्याच्या सावलीला एक थकलेला वाटसरू धनुष्य-बाण शेजारी ठेवून झोपतो. ऊन कलते, तोंडावर येते. वरच्या हंसाला दया येते, तो पंख पसरून सावली धरतो. वाटसरू घोरतो आहे, तोंड उघडे आहे. कावळा नेमका त्या उघड्या तोंडात शिटतो आणि उडून जातो. वाटसरू दचकून उठतो, वर पाहतो, तर पंख पसरलेला हंस! बाण लावतो आणि मारतो. कावळ्याच्या पराक्रमापाशी मुले गडाबडा लोळतात. हंस पडतो तिथे एकदम गप्प होतात. मग एक मुलगी म्हणाली, “सर, ही वाट म्हणजे आपल्या गावावरून जाणारी का?” मी म्हणालो, उज्जयिनीला जाणारी कुठलीही वाट असेल. पुढचे आठ दिवस ती मुले दिसेल त्या पिंपळाखाली हंस शोधीत होती.

मुंगसाची गोष्ट तर सरळ उज्जयिनीचीच आहे. पंचतंत्रात ती देवशर्मा ब्राह्मणाच्या घरी घडते. हितोपदेशात त्या ब्राह्मणाचे नाव माधव आणि गाव उज्जयिनी. बायको नवजात मुलाला नवऱ्यावर सोपवून स्नानाला जाते. तेवढ्यात राजाकडून श्राद्धाच्या दानाचे बोलावणे येते. उशीर केला तर दान दुसराच कोणी नेईल. माधव घरच्या पाळीव मुंगसाला बाळाजवळ ठेवून निघतो. काळा साप येतो. मुंगूस त्याचे तुकडे करते आणि रक्ताळलेल्या तोंडाने, कौतुकाच्या आशेने, परतलेल्या माधवाच्या पायांशी धावत येते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पंचतंत्राच्या पाठात आईच पाण्याचा घडा घालून मुंगसाला मारते. हितोपदेशात तो अपराध बापाच्या हातून घडतो. मी मुलांना दोन्ही सांगतो. कोणती खरी, यावर वाद होतो, आणि एकाच गोष्टीचे दोन पाठ असू शकतात हा वाङ्मयाच्या इतिहासातला पहिला धडा न शिकवता शिकवला जातो.

या मुंगसाचा प्रवास मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मुलांना नकाशावर दाखवतो. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवानच्या दरबारातून बुर्झोय नावाचा वैद्य हिंदुस्थानात आला आणि पंचतंत्र पहलवी भाषेत घेऊन गेला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ते अरबीत आणले. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे तिथे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले. अरबीतून ते हिब्रू, लॅटिन असे करीत युरोपभर पसरले. फारसीत हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने पंधराव्या शतकात ‘अन्वार-ए-सुहैली’ लिहिले, आणि त्याचे सोपे रूप अकबराच्या सांगण्यावरून अबुल फझलने १५८८ मध्ये ‘इयार-ए-दानिश’ म्हणून केले. हिंदुस्थानातून गेलेली गोष्ट हिंदुस्थानात परत आली तेव्हा तिच्या अंगावर इराणी अंगरखा होता.

युरोपात बहुतेक ठिकाणी मुंगूस मिळत नाही. म्हणून तिकडे मुंगसाचा कुत्रा झाला. वेल्समध्ये बेडगेलर्ट या गावी गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. सापाऐवजी तिथे लांडगा आहे, बाकी कथा जशीच्या तशी. फ्रान्समध्ये लियोंजवळच्या खेडुतांनी तर अशाच एका शिकारी कुत्र्याला मुलांचा रक्षक संत मानून त्याची पूजा मांडली होती. तेराव्या शतकात एतियेन द बूर्बों या धर्मोपदेशकाने ते पाहिले, रागावून कुत्र्याची हाडे उकरून जाळवली आणि सगळी हकीकत लिहून ठेवली. उज्जयिनीच्या माधवाच्या घरातले मुंगूस फ्रान्सात संत होऊन बसले, ही गोष्ट ऐकून आमच्या मुलांना जो अभिमान वाटला, तो कोणत्याही व्याख्यानाने वाटला नसता.

आणि आता माझी तक्रार. परवा एका प्रकाशनाचे गुळगुळीत कागदावरचे चित्रमय पुस्तक हाती आले. त्यात मुंगूस मरतच नाही! आई घडा उगारते, तेवढ्यात बाळ हसते, साप दिसतो, आणि सगळे मुंगसाला दूध पाजतात. मुलांच्या कोवळ्या मनावर आघात होऊ नये म्हणून ही योजना असावी. पण आघात नाही तर गोष्ट कोठे राहिली? ज्या मुलांच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्ही आणि मोबाइल चालतो, त्यांना नेमके या मुंगसापासूनच जपायचे?

हा रोग नवा नाही. त्याचे जुने नाव ‘तात्पर्य’. इसापनीतीच्या पुस्तकांनी गोष्टीच्या शेपटीला तात्पर्य बांधण्याची जी चाल पाडली, ती आपल्या हाडीमासी इतकी खिळली की पंचतंत्रालाही आपण शेपूट बांधले. वास्तविक पंचतंत्रात उपदेशाची वाण नाही. पानोपानी श्लोक आहेत. पण ते कोणाच्या तोंडी आहेत ते पाहावे! सज्जन बैल संजीवक श्लोक म्हणतो, तसा दमनक कोल्हाही म्हणतो, आणि दमनकाचे श्लोक अधिक सुबक असतात. नीतीचे वचन दोन्ही पक्षांच्या वकिलांकडे तयार आहे. निकाल ऐकणाऱ्याने द्यायचा आहे. राजपुत्रांना हेच शिकायचे होते. गोड बोलणारा मंत्री श्लोक पाठ करूनच येतो.

पहिल्या तंत्राचा शेवट आठवा. पिंगलक सिंहाची आणि संजीवक बैलाची मैत्री दमनक फोडतो. सिंह बैलाला मारतो, रडतो, आणि दमनक त्याचे सांत्वन करून मंत्रिपदावर कायम राहतो. दुष्टाला शिक्षा नाही. इब्न अल-मुकफ्फाला हे सोसले नाही. त्याने अरबी ग्रंथात दिम्नाच्या चौकशीचे एक नवे प्रकरण घातले, साक्षीपुरावे काढले आणि त्याला देहदंड दिला. त्या काळच्या त्या थोर लेखकावर टीका करण्याची माझी योग्यता नाही. दुर्दैव असे, की खुद्द इब्न अल-मुकफ्फालाच पुढे राजकारणाच्या कचाट्यात सापडून हालहाल होऊन मरावे लागले. त्याच्या वेळच्या दिम्नांची चौकशी झाली नाही.

ओसरीवर मी दमनक सुटला असेच सांगतो. पहिल्या खेपेला एक आठवीतला मुलगा चिडून उठून गेला. पुढच्या रविवारी तो परत आला तो करटकाची बाजू घेऊन. करटकाला सगळे कळत होते, त्याने दमनकाला टोकलेही, मग तो सिंहाकडे जाऊन बोलला का नाही? हा प्रश्न त्याने शुद्ध मराठीत विचारला नाही. अर्धा हिंदी, अर्धा मराठी असाच विचारला. पण आठवडाभर तो प्रश्न त्याच्या डोक्यात होता, आणि तो मांडायला त्याला ‘टोकणे’ आणि ‘रोकना’ यांतला फरक माझ्याशी घासाघीस करून समजून घ्यावा लागला.

भाषेचा मुद्दा निघाला म्हणून एक गंमत सांगतो. मराठीत आपण पंचतंत्रातल्या दमनकालाही कोल्हा म्हणतो आणि द्राक्षे आंबट म्हणणाऱ्या इसापाच्या प्राण्यालाही कोल्हाच म्हणतो. हिंदीत तसे नाही. दमनक सियार आहे, द्राक्षांखाली उड्या मारणारी लोमड़ी आहे, आणि ती बाई आहे! प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हिंदी बरोबर. द्राक्षवाल्या प्राण्याला मराठीत काटेकोरपणे खोकड म्हणावे लागेल. पण कथेच्या दृष्टीने मराठीला एक लाभ झाला. ग्रीसचा लबाड आणि महिलारोप्याचा लबाड आपल्याकडे एकाच कातडीत राहतात. मराठीतून ऐकणाऱ्या मुलाला वाटते की दमनकच मंत्रिपद सोडून द्राक्षांच्या मळ्यात आला. हिंदीतून वाचणाऱ्याला तसे वाटणार नाही. आमची मुले दोन्हीकडून येतात, म्हणून त्यांना हा भेद दिसतो. पुण्याच्या मुलाला तो दिसण्याचे कारण नाही. दोन भाषांच्या मधे राहणे ही केवळ अडचण आहे असे समजणाऱ्या पालकांनी यावर जरूर विचार करावा. मुंगूस-नेवला, घुबड-उल्लू, ससा-खरगोश अशा जोड्या लावण्याचा खेळ आम्ही खेळतो. माळवी शब्द सांगणाऱ्याला एक गुण जास्त.

हिंदीचे ऋणही मानले पाहिजे. लल्लूलालांनी हितोपदेशावरून ब्रजभाषेत ‘राजनीति’ लिहिली, ती मराठी हितोपदेशाच्या आधीची. आपल्या बालपणी ‘चंदामामा’ आणि त्याचा मराठी भाऊ ‘चांदोबा’ ही दोन्ही मासिके घरात येत; थोरला काका एक वाचे, आम्ही दुसरे. ती दोन्ही आता बंद पडली. भोपाळहून एकलव्य संस्थेचे ‘चकमक’ १९८५ मध्ये सुरू झाले. या संस्थेचे काम देवासलाही होते, आणि आमच्या भागातल्या कित्येक शिक्षकांना मुलांशी बोलावे कसे हे तिच्याकडून कळले.

एवढी जुनी कथा कागदावर येण्याच्या आधीही माळव्यात होतीच. विदिशेजवळ सांचीच्या पश्चिम तोरणावर महाकपीचे जातक कोरले आहे. वानरांचा राजा आपल्या देहाचा पूल करून सगळ्या टोळीला गंगापार करतो. इकडे मराठीतही छापखान्याची वाट कोणी पाहत बसले नव्हते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले एकशे चौदा दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त जमवले. निर्मळ पाठकाने जुन्या मराठीत पंचतंत्र रचले, आणि पंचतंत्राच्या शाखा धुंडाळणाऱ्या योहान्स हेर्टेल या जर्मन पंडिताला त्याची दखल घ्यावी लागली.

परंतु कोल्हा-सिंहापाशीच मुलांना बसवून ठेवायचे नाही. जनावरांच्या गोष्टी संपल्या की अभिजात ग्रंथ सुरू होतात, अशी आपली समजूत असते. जनावरे त्या ग्रंथांतही आहेत, आणि चांगली माजघरात आहेत. मुंगसाचेच घ्या. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात युधिष्ठिराचा यज्ञ थाटात संपतो, सगळे वाहवा करतात, आणि बिळातून एक मुंगूस वर येते. त्याचे अर्धे अंग सोन्याचे. कुरुक्षेत्रात शेतात पडलेले दाणे वेचून जगणाऱ्या एका उपाशी ब्राह्मण कुटुंबाने आपले सातूचे पीठ अतिथीला दिले, त्या पिठात लोळून माझे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे तुमच्या या यज्ञात होईल म्हणून आलो, तर काहीच झाले नाही, असे ते सर्वांसमक्ष सांगते. माधवाच्या घरचे मुंगूस मुलांच्या ओळखीचे असल्यामुळे हे दुसरे मुंगूस त्यांना परके वाटत नाही. त्याच्या मागोमाग ती थेट धर्मराजाच्या यज्ञमंडपात शिरतात.

शांतिपर्वातली पलित उंदराची आणि लोमश मांजराची कथा मी गेल्या वर्षी चार संध्याकाळी पुरवून सांगितली. शांतिपर्व हे नाव ऐकून मोठी माणसेही जांभई देतात. भीष्म शरपंजरी पडून राजधर्म सांगतो, एवढीच आपली माहिती. त्यात ही कथा आहे. अरण्यात एक मोठा वड. मुळाशी शंभर तोंडांचे बीळ करून पलित राहतो, फांदीवर लोमश बोका राहतो. परिघ नावाचा पारधी रोज संध्याकाळी जाळे लावून जातो, आणि एके दिवशी लोमशच सापडतो. शत्रू अडकला म्हणून पलित खुशाल हिंडतो, जाळ्यावर चढून आमिषाचे मांस खातो. मग मान वर करतो तो काय! खाली हरित नावाचे मुंगूस जिभा चाटीत उभे आहे आणि वरच्या फांदीवर चंद्रक नावाचे घुबड. पळायला जागा नाही. सर्वांत सुरक्षित जागा कोणती? बांधलेल्या बोक्याची कूस! पलित लोमशाशी करार करतो: तू मला जवळ घे, मी तुझे पाश तोडीन. मुंगूस आणि घुबड हात चोळीत निघून जातात.

इथे पहिली संध्याकाळ संपवली. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच मुले हजर.

कारण आता बोका म्हणतो, तोड लवकर. आणि उंदीर तोडतो, पण अगदी सावकाश. एकेक धागा. बोका कासावीस होतो, उंदीर शांतपणे सांगतो की आताच सोडले तर मला तुझे भय. पारधी समोर दिसला की तुला पळण्यापलीकडे दुसरे सुचणार नाही, शेवटचा पाश तेव्हा तोडीन. पहाटे परिघ कुत्री घेऊन येतो. शेवटचा धागा तुटतो, बोका झाडावर, उंदीर बिळात. संकट टळल्यावर लोमश बिळाशी येऊन गोड शब्दांत मैत्रीची आण घालतो, आणि पलित बिळातूनच नकार देतो. आपली मैत्री कारणापुरती होती, कारण संपले. तू भुकेला आहेस आणि मी खाद्य आहे.

पलिताने बरोबर केले का, यावर ओसरीवर दोन तट पडले. लहान मुले उंदराच्या बाजूची. मोठ्या मुलांपैकी दोघांनी लोमशाची वकिली केली: जीव वाचवणाऱ्याला खरेच तो खाणार नसेल तर? एक मुलगी म्हणाली, ते कळायला बिळाबाहेर यावे लागेल, आणि मग कळून उपयोग काय? मी गप्प राहिलो. मग कोणीतरी विचारले, हे भीष्माने युधिष्ठिराला का सांगितले? युद्ध तर संपले होते. या एका प्रश्नासाठी शांतिपर्वाचे मराठी भाषांतर खाली काढावे लागले. त्यातली अक्षरे बारीक आहेत आणि वाक्ये लांब; दहावीतल्या दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचले, अडले तिथे थांबले, पुन्हा वाचले. मराठी पुस्तक घरी नेण्यासाठी मागण्याची त्या मुलांची ती पहिली वेळ.

यंदा बाणभट्टाची ‘कादंबरी’ काढली आहे. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका सबंध वाङ्मयप्रकाराला नाव दिले, तो ग्रंथ आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला नसतो. संस्कृत शिकणारी मुलेसुद्धा त्यातल्या समासांना भिऊन पळतात. पण ती कथा सांगतो कोण? विदिशेच्या शूद्रक राजापुढे पिंजऱ्यातून आणलेला वैशंपायन नावाचा पोपट! आणि आरंभी तो सांगतो ते आपल्याच पिल्लूपणचे साहस. विंध्याटवीतले प्रचंड सावरीचे झाड, त्याच्या ढोलीत म्हातारा बाप आणि आईवेगळे पिल्लू. शबरांची शिकारी फौज येते, जाते. मागे राहिलेला एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि ढोलीढोलीतून पोपट काढून माना मुरगळून खाली टाकतो. बाप पंखाखाली पिल्लाला झाकून धरतो. बाप मरतो, त्याच्या पंखाखालचे पिल्लू खाली पडते ते वाळल्या पानांच्या ढिगावर. शबर खाली उतरण्याच्या आत ते लटपटत एका तमालाच्या मुळाशी लपते. मग तहान. पंख फुटलेले नाहीत, सरोवर दूर, ऊन तापलेले. पडत-धडपडत चाललेल्या त्या पिल्लाला जाबाली ऋषींचा मुलगा हारीत उचलतो, चोचीत पाणी घालतो आणि आश्रमात नेतो. (“हरित तर मुंगूस होते ना, सर?” ते हरित, हा हारीत. मुलांचे लक्ष असते.)

समास मी तोडून सांगतो. जिथे बाण पानभर वर्णन करतो तिथे दोन वाक्यांवर भागवतो, पण त्यातला एखादा लांबलचक समास मुद्दाम अख्खा म्हणून दाखवतो. मुलांना ती आगगाडी आवडते आणि डबे मोजत ती तो पाठ करतात. दोन पालकांनी मला हळूच विचारले, परीक्षेला याचा उपयोग काय? मी त्यांना संध्याकाळी येऊन बसा म्हटले. त्यातले एक आता रोज येतात.

या दिवाळीच्या सुट्टीत पोपटाचे पिल्लू जाबालींच्या आश्रमात पोचले आहे. ऋषींनी त्याच्याकडे पाहिले, हसले, आणि त्याच्या मागल्या जन्माची कथा सांगायला आरंभ केला आहे. त्या कथेतली उज्जयिनी अजून यायची आहे. तारापीड राजाची ती नगरी बहुधा भाऊबिजेच्या संध्याकाळी लागेल.